बाहेरची कडी

१

शाळेची बस मला तीन वाजून दहा मिनिटांनी कोपऱ्यावर सोडते. घरात दप्तर टाकलं की माझं पहिलं काम म्हणजे बिऱ्हाड तपासणं. बिऱ्हाड म्हणजे आमचं मोटरहोम. गॅरेजच्या बाजूला खडीवर उभं असतं, चोवीस फूट लांब, पांढरं, कमरेला तपकिरी पट्टा. आत मागच्या बाजूला पलंग, मध्ये ओटा आणि जेवायचं टेबल, पुढे ड्रायव्हरच्या डोक्यावर माझी झोपायची फळी. नाव आईनं ठेवलं होतं. दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात ते पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा ती आत एक चक्कर मारून बाबांना म्हणाली होती, "अहो, पुण्यात आपण याहून लहान जागेत तीन वर्षं काढली. आणि तिथे खिडकीत रोज तोच शेजारी."

तपासायची यादी बाबांनी टाइप करून प्लास्टिकच्या पाकिटात घालून दिली होती. तिच्यात अकरा गोष्टी होत्या. बाहेरच्या कप्प्यांची कुलुपं, खिडक्या, चाकाला लावलेला पिवळा अडसर, दारावरचा हिरवा दिवा, आणि शेवटी आत जाऊन एक नजर. प्रत्येक गोष्टीपुढे मी पेन्सिलीनं खूण करायची. बाबा सहाला ऑफिसातून येत आणि हात धुवायच्या आधी ती यादी बघत.

आई फेब्रुवारीत गेली. आठ महिने आजारी होती. एप्रिलमध्ये बिऱ्हाडात चोरी झाली.

चोरांनी ओट्यावरची खिडकी उचकटली होती. टीव्ही नेला, दुर्बीण नेली, कुकर नेला. कुकरचं झाकण मात्र ओट्यावर तसंच होतं, ते कशाला लागतं हे त्यांना कळलं नसावं. आणि पलंगाखालची कॅमेऱ्याची बॅग नेली. तिच्यात पाच टेप होत्या. आईला कॅमेऱ्यासमोर यायला आवडायचं नाही, म्हणून प्रवासात कॅमेरा तिच्याच हातात असायचा. त्या पाच टेपांत ती कुठेच दिसत नाही, फक्त ऐकू येते. ती गेल्यावर बॅग घरात आणायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही. खरं म्हणजे सुचलं होतं, पण कोणी उठलं नाही.

घरच्या फोनवरचा निरोप बाबांच्या आवाजात आहे. तिचा आवाज दुसरा कुठेच नव्हता.

पोलिसानं सगळं लिहून घेतलं. टेप कोऱ्या होत्या का, असं त्यानं विचारलं. बाबा म्हणाले, नाही. त्यानं तेही लिहिलं.

नवी काच यायला नऊ दिवस लागले. तोवर बाबांनी त्या खिडकीला प्लास्टिक चिकटवून ठेवलं होतं. वारा नसतानाही ते आत ओढलं जायचं आणि परत बाहेर फुगायचं.

२

मे महिन्यापासून दर शनिवारी बाबा काहीतरी नवीन बसवू लागले. मदतीला श्रीरंगकाका यायचे. ते बाबांच्या ऑफिसातले, मूळचे नागपूरचे, आणि ड्रिल त्यांचं. पहिल्याच दिवशी त्यांनी स्वतःच्या जुन्या ट्रेलरची किल्ली आमच्या बाहेरच्या कप्प्याला लावून बघितली. कप्पा उघडला. अशा गाड्यांच्या कप्प्यांना बहुतेक एकच किल्ली चालते, हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं.

"घ्या," काका म्हणाले. "चोराला काही मेहनतच नाही, यार."

बाबांनी सगळी कुलुपं बदलली. दाराला वर एक जाड कुलूप बसवलं. सरकत्या खिडक्यांच्या खाचेत लाकडी दांडे कापून घातले, म्हणजे बाहेरून कितीही ओढलं तरी खिडकी सरकू नये. काचांना चिवट फिल्म लावली. दाराला आणि खिडक्यांना चुंबकाचे सेन्सर लावले. कुठलंही उघडलं की भोंगा वाजायचा आणि दारावरचा हिरवा दिवा लाल व्हायचा. जुनी गोल खडी काढून टोकदार, जाड खडी पसरली. पाऊल पडलं की ती वाजलीच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. श्रीरंगकाका तिच्यावरून मुद्दाम पाय आपटत चालून दाखवायचे.

"गुरू, एवढा बंदोबस्त करून आत ठेवलंय काय? एक झाकण," ते म्हणाले.

तेव्हा बाबा हसले होते. आई गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं, म्हणून लक्षात आहे.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातला मंगळवार होता. ऊन चांगलं होतं, शेजारी कोणीतरी गवत कापत होतं. मी दहा खुणा केल्या, भोंगा बंद केला, आत गेले. पडदे ओढलेले असल्यामुळे आत नेहमी संध्याकाळ असते. गादीचा आणि बंद कपाटाचा वास. मी पलंग बघितला, बाथरूमचं दार उघडून बघितलं, बाहेर आले. खालचं कुलूप लावलं, वरचं लावलं, भोंगा चालू केला. आणि सवयीनं म्हणाले, "येते."

घरातून निघताना 'जाते' म्हणायचं नाही, हे आईनं लहानपणापासून इतकं घोकून घेतलं होतं की रिकाम्या खोलीतून निघतानाही माझ्या तोंडून 'येते' निघतं. शाळेत एकदा लॉकर बंद करताना निघालं होतं.

आतून कोणीतरी म्हणालं, "ये."

३

मला घाबरायला वेळ लागला, कारण उत्तर बरोबर होतं. मी चार पावलं चालून गेले, आणि मग थांबले.

भोंगा बंद करून परत दार उघडलं. आत कोणी नव्हतं. पलंगाखाली नव्हतं, कपाटात नव्हतं, माझ्या फळीवर नव्हतं. मी भोंगा बंद करेपर्यंत दारावरचा दिवा हिरवाच होता. मी अकरावी खूण केली आणि बाबांना काही सांगितलं नाही.

त्या रात्री मी वहीत कारणं लिहून काढली. शेजारच्या मुलाचा आवाज असेल. छतावरच्या पंख्याचं झाकण करकरलं असेल. माझाच आवाज पत्र्यावर आपटून परत आला असेल. हे तिसरं कारण मला पटलं होतं, पण मग लक्षात आलं की 'येते'चा प्रतिध्वनी झाला तर शेवटचा 'ते' परत यायला हवा, पहिला 'ये' नाही.

बुधवारी मी 'येते' म्हटलं. "ये." गुरुवारी मुद्दाम 'जाते' म्हणून बघितलं. काही नाही. मग 'बाय' म्हटलं. काही नाही. शुक्रवारी मी काहीच न बोलता दारासमोर उभी राहिले. आतला छोटा फ्रिज गुणगुणत होता, तो थांबला. मग इतकं शांत झालं की मला वाटलं, पलीकडेही कोणीतरी माझ्यासारखंच दाराला तोंड करून उभं आहे, आणि माझी बोलायची पाळी आहे म्हणून थांबलं आहे.

मी 'येते' म्हटलं. "ये."

मला भीती वाटत होती, पण त्याहून जास्त दुसरंच काहीतरी वाटत होतं, आणि ते मला इथे नीट लिहायचं आहे. उन्हाळ्यापासून मी आईचा आवाज विसरायला लागले होते. तिची वाक्यं आठवायची. 'डब्यातलं अर्धं का परत आणलंस', 'केस बांध आधी', सगळी. पण ती माझ्या मनात माझ्याच आवाजात वाजायची. गणिताच्या तासाला मी डोळे मिटून प्रयत्न करायचे. चेहरा यायचा, ओठ हलायचे, आणि आवाज माझा.

त्यातच गिरिजामावशीचा फोन आला. ती आईची मैत्रीण, जर्सी सिटीला असते. मी फोन उचलून हॅलो म्हटलं तर पलीकडून खूप वेळ काहीच आलं नाही. मग ती हळूच म्हणाली की तुझा आवाज अगदी लतिकासारखा व्हायला लागलाय गं, मला क्षणभर काही सुचेना. ती कौतुकानं म्हणाली होती. मी मात्र तेव्हापासून घरात कमी बोलायला लागले. शाळेत तर मी तशीही बोलत नाही.

म्हणजे बिऱ्हाडातला तो 'ये' माझाच असू शकत होता. किंवा आईचा असू शकत होता. एका अक्षरावरून आवाज ओळखता येत नाही. मी वहीत लिहिलं होतं, 'एक पूर्ण वाक्य हवं.' त्याखाली रेघ मारली होती.

आणखी एक गोष्ट मला रात्री अंथरुणात सुचली. निरोप देताना म्हणतात तो 'ये' आणि आत बोलावताना म्हणतात तो 'ये', यांत ऐकायला काहीच फरक नाही.

मी दाराशी हळू आवाजात प्रश्न विचारू लागले. कोण आहे? काय हवंय? उत्तर नाही. 'आई' अशी हाक मात्र मी मारली नाही. त्या हाकेला कोणीतरी 'ओ' दिली असती तर काय करायचं, हे मी ठरवलं नव्हतं.

४

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी बाबांनी दाराला एक मोठी लोखंडी कडी आणली. श्रीरंगकाका ड्रिल घेऊन आत जायला निघाले तर बाबा म्हणाले, आतून नाही, बाहेरून बसवायची.

"बाहेरून?" काका म्हणाले. "चोराला आत ठेवायचंय का?"

बाबा हसले नाहीत. त्यांनी मला गॅरेजमधून लांब स्क्रू आणायला सांगितले. मी आणले तेव्हा काका बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होते. कडी बसवून झाल्यावर ते चहाला थांबले नाहीत. पुढच्या शनिवारी बाबांनी स्वतःचं ड्रिल विकत आणलं.

मग एकेक गोष्ट बदलत गेली. खिडक्यांच्या खाचेतले दांडे निघाले आणि त्यांच्या जागी बाहेरच्या बाजूनं पत्र्याच्या पट्ट्या आल्या. भोंगा काढून टाकला. मी कारण विचारलं, तर त्या आवाजाचा त्रास होतो, असं बाबा म्हणाले. कोणाला, हे मी विचारलं नाही. दर हिवाळ्यात बिऱ्हाड आम्ही गावाबाहेरच्या मोठ्या शेडमध्ये नेऊन ठेवतो, कारण इथली थंडी पाइप फोडते. मी विचारलं की शेडमध्ये कधी न्यायचं.

"यंदा कॅन्सल केलं," बाबा म्हणाले. ते कांदा चिरत होते. "एवढ्या थंडीत एकटं कशाला ठेवायचं."

घरातून एक जाड वायर बिऱ्हाडापर्यंत गेली आणि आत एक छोटा हीटर चालू झाला.

माझी यादीही बदलली. आता तिच्यात दहाच गोष्टी होत्या. आत जायची गरज नाही, बाहेरूनच बघत जा, असं बाबांनी सांगितलं, आणि वरच्या कुलपाची किल्ली माझ्या जुडग्यातून काढून घेतली. काढताना त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. ते आता दोन पोळ्या खात होते. आधी एक खायचे, तीही माझ्यासमोर बसून, मी बघते म्हणून. सकाळी दाढी करताना गुणगुणायचे. मी पंधरा वर्षांची आहे, मला एवढं कळतं की माणूस बरा व्हायला लागला की त्याला फार प्रश्न विचारू नयेत.

मी बाहेरूनच 'येते' म्हणायचे. उत्तर यायचं. पण आता ते आतल्या कुठल्यातरी कोपऱ्यातून यायचं नाही. दाराच्या अगदी पलीकडून यायचं, माझ्या तोंडाच्या उंचीवरून. आणि त्यातला 'ये' आधीपेक्षा चांगला झाला होता. कोणीतरी त्याचा सराव करत असल्यासारखा.

५

त्या महिन्यात एका गुरुवारी शिक्षकांच्या मीटिंगा होत्या, म्हणून शाळा साडेअकरालाच सुटली. मी बाबांना आदल्या दिवशी सांगितलं होतं. ते विसरले असावेत, कारण घरासमोर त्यांची गाडी उभी होती. त्यांचं ऑफिस दहा मिनिटांवर आहे. जेवणाच्या सुट्टीत ते घरी येतात हे मला माहीत नव्हतं.

घरात कोणी नव्हतं. मी गॅरेजच्या बाजूनं गेले. सिमेंट संपून खडी सुरू होते तिथे थांबले, कारण पुढचं पाऊल वाजलं असतं.

बिऱ्हाडाची कडी काढलेली होती. आतून बाबांचा आवाज येत होता. ते काहीतरी वाचून दाखवत होते, पहिलीतल्या मुलाला दाखवतात तसं, सावकाश.

"साबुदाणा धुऊन घ्यावा."

"साबुदाणा धुऊन घ्यावा," दुसरा आवाज म्हणाला.

"पाणी पेरभर वर ठेवावं."

"पाणी पेरभर वर ठेवावं."

ती आईची वही होती. निळ्या पुठ्ठ्याची, स्वयंपाकघरातल्या फळीवरची, जिच्यात तिनं सगळं लिहून ठेवलं होतं. फळीवरून ती नाहीशी झाली आहे हे माझ्या लक्षात आलं होतं. मला वाटलं होतं बाबांनी उशाशी नेली असेल.

"नाही," बाबा म्हणाले. "'पेरभर' लांबवायचं नाही. ती चटकन म्हणायची. पेरभर."

"पेरभर."

"अजून हलकं."

"पेरभर."

आवाज बाईचा होता. त्यापलीकडे मला खात्रीनं काही सांगता येत नाही. प्रत्येक वेळी तो थोडासा बदलायचा, रेडिओची कळ फिरवत स्टेशन शोधावं तसा. जरा वर, जरा खाली, जरा घोगरा. आणि बाबा 'हां' म्हणाले की तिथेच थांबायचा.

"हां," बाबा म्हणाले. "बरोबर. असंच म्हणायची." आणि पुन्हा, खूप हळू, "मला वाटतं, असंच."

मी गॅरेजच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिले. भिंत उन्हानं तापली होती. आणि मी ऐकत राहिले, हे खरं आहे. मला एक पूर्ण वाक्य हवं होतं, आणि आता वाक्यांमागून वाक्यं येत होती. शेंगदाण्याचं कूट, मिरचीचे तुकडे, झाकण ठेवून एक वाफ. मी प्रत्येक वाक्याला कान लावून बघत होते की हे आहे का, हे आहे का. मधूनमधून वाटायचं, हो. पुढच्या शब्दाला वाटायचं, हे तर गिरिजामावशीसारखं. त्याच्या पुढच्या शब्दाला वाटायचं, ही मी आहे.

सव्वाबाराला बाबा बाहेर आले. वही त्यांच्या कोटाच्या आत होती. त्यांनी दोन्ही कुलुपं लावली, कडी घातली, तळहात दारावर टेकवून थोडा वेळ उभे राहिले.

"येतो," ते म्हणाले.

"ये," आतून उत्तर आलं.

बाबांनी मान हलवली, खडीवरून चालत गेले, गाडीत बसून निघून गेले. त्यांच्या काही लक्षात आलं नाही.

माझ्या आलं. आई त्यांना आयुष्यात कधी 'ये' म्हणाली नव्हती. ती त्यांना 'अहो' म्हणायची. चिडली तरी 'अहो', चेष्टा करतानाही 'अहो', शेवटी हॉस्पिटलात सुद्धा. बाबा निघताना 'येतो' म्हणाले की ती म्हणायची, 'या'. मला 'ये', त्यांना 'या'. रोज सकाळी आठला हे दोन शब्द मी दारात उभी राहून ऐकले होते.

आत जे होतं त्याला हे माहीत नव्हतं. त्याला 'ये' माझ्याकडून मिळाला होता. किंवा खरं तर मिळालाही नव्हता, माझ्या 'येते'मधून त्यानं तो कापून घेतला होता.

६

मी खडीवर पाऊल टाकलं. ती वाजली, आणि आतली हालचाल थांबली. हालचाल होत होती हे मला ती थांबल्यावर कळलं.

मी दारासमोर उभी राहिले. मला आता माहीत होतं की ही आई नाही. सहा वाजता बाबांना सांगायचं, एवढंच काम होतं. 'ये' आणि 'या', दोन शब्द सांगितले की त्यांना सगळं कळलं असतं. ते हुशार आहेत. त्यांनी वही परत फळीवर ठेवली असती. बिऱ्हाड त्या शेडमध्ये गेलं असतं किंवा विकलं गेलं असतं. आणि आम्ही दोघं परत जेवायच्या टेबलाशी समोरासमोर बसलो असतो, एक पोळी त्यांच्या ताटात, आणि घरात कुठेच कोणाचा आवाज नाही.

दाराचा पत्रा माझ्या श्वासानं धुरकट होत होता. मग माझ्या लक्षात आलं की मी श्वास रोखून धरला आहे आणि पत्रा तरीही धुरकट होतो आहे, कडीच्या बाजूच्या फटीतून.

मी म्हणाले, "त्यांना 'या' म्हणायचं."

काही नाही.

"बाबांना. 'ये' नाही. 'या'."

"या," आतून आलं.

"असं नाही. हे कोणी पाहुणे आल्यासारखं झालं. थोडं खालून. हातात दुसरं काहीतरी काम आहे असं. हसू दाबल्यासारखं."

"या."

"थोडं लवकर तोड."

"या."

मी पुढे काही दुरुस्त केलं नाही. कारण ते बरोबर होतं. तो आठ वाजता दारात ऐकू यायचा तोच 'या' होता, पाठमोरा, ओट्याकडून आलेला. उन्हाळ्यापासून मी शोधत होते तो आवाज मला आठवला. किंवा मी त्या क्षणी तो बनवला आणि मला तो आठवल्यासारखा वाटला. यांतलं कुठलं खरं, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं, आणि आता तर विचारायला दुसरं कोणी नाही. आम्हा दोघांशिवाय या देशात तिला रोज सकाळी ऐकणारं कोणी नव्हतं.

मी हे का केलं, असं मी स्वतःला बरेचदा विचारलं आहे. एक चूक दिसली आणि ती राहू देववली नाही. राहिली असती तर एक दिवस बाबांनाही ऐकू आली असती.

निघताना मी 'येते' म्हटलं नाही. तरीसुद्धा मागून "ये" आलं, नव्या, चांगल्या आवाजात.

७

शनिवारी जेवण झाल्यावर बाबा म्हणाले, चल, तुला काहीतरी दाखवायचंय. दुपारचे दोन वाजले होते. मेपलची पानं खडीवर पडली होती आणि त्यांच्यामुळे आमची पावलं वाजत नव्हती.

बिऱ्हाडासमोर उभं राहून ते बोलायला लागले, आणि ऑफिसात प्रेझेंटेशन देतात तसं आधी क्रमानं सांगायचा त्यांनी प्रयत्न केला. जूनपासून त्यांना आत काहीतरी ऐकू येत होतं. आधी त्यांना वाटलं चोर आहे, मग उंदीर, मग आपलं डोकं. मग त्यांनी बोलून बघितलं. इथे त्यांचा क्रम तुटला. ते म्हणाले की मी वेडा नाही गं, मला माहीत आहे माणूस गेल्यावर काय होतं, मी तिच्या जवळ होतो. पण समज की काहीतरी आहे, आणि त्याला शिकायचंय. आणि समज की पुरेसं शिकलं, तर शिकलेलं आणि खरं यांत फरक काय राहतो. हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. अजून शंभर टक्के नाही, ते म्हणाले. पण तू ऐक. तुला तिचा आवाज माझ्यापेक्षा चांगला आठवत असेल.

मग ते दाराकडे वळून म्हणाले, "येतो."

"या," आतून आलं. खालून, हसू दाबलेलं, लवकर तोडलेलं.

बाबा हलले नाहीत. मग त्यांनी दाराशेजारचा पत्रा धरला. त्यांचा चेहरा मी कधी बघितला नव्हता असा झाला, खूप तरुण.

"नेत्रा," ते म्हणाले, "हे मी शिकवलं नव्हतं."

मी दारावरच्या कडीकडे बघितलं.

"मी विसरलो होतो. ती मला 'या' म्हणायची. मी साफ विसरलो होतो गं. आणि हे तिच्याशिवाय कोणाला माहीत असणार?"

मला माहीत होतं. एक वाक्य होतं, चार शब्दांचं, मी त्याला शिकवलं, बाबा. ते माझ्या तोंडात तयार होतं. मी ते बोलले असते तर माझ्याच आवाजात बोलले असते, जो आता आईसारखा झाला आहे.

"असाच होता ना?" बाबांनी विचारलं. "सांग. असाच होता ना तिचा आवाज?"

"हो," मी म्हणाले.

त्यांनी खालचं कुलूप काढलं. वरचं काढलं. किल्ली दोनदा घसरली. कडीला हात घातल्यावर ते थांबले, आणि मला वाटलं आता ते शुद्धीवर येतील. पण ते फक्त शर्टाची कॉलर सारखी करत होते.

कडी निघाली. दार बाहेरच्या बाजूला उघडतं, त्यामुळे बाबा त्याच्या मागे गेले आणि समोर मी एकटी राहिले. आत ती नेहमीची संध्याकाळ होती. हीटरची ऊब बाहेर आली, आणि तिच्याबरोबर गादीचा वास. आणखी कशाचाच वास नव्हता.

पायरी चढताना आधाराला दाराच्या चौकटीला एक दांडा बाहेरून आणि एक आतून आहे. बाहेरचा मी कधी धरला होता मला आठवत नाही, पण धरला होता, घट्ट. आतल्या दांड्याकडे अंधारातून एक हात आला. तेवढाच मी बघितला. त्याच्यामागे काय होतं तिकडे मी बघितलं नाही. बोटं पाच होती, लांबीला बरोबर होती. पण हात दांड्यापाशी येऊन थबकला. त्याला धरायचं कसं हे ठाऊक नव्हतं. मग तो जरासा वळला, आणि मला कळलं की तो माझ्या हाताकडे बघतो आहे.

मी चारही बोटं दांड्याभोवती वळवली होती आणि अंगठा त्यांच्यावर दाबून धरला होता. त्या हातानंही तसंच केलं. चार बोटं वळली, मग अंगठा.

"आली का?" दारामागून बाबांनी विचारलं. "नेत्रा? दिसतेय का?"

आई असा दांडा धरायची नाही. ती अंगठा वर ठेवायची, दांड्यावर सरळ, रेघेसारखा.

मी माझा अंगठा वर केला.